डेक कोणी मोडला

दौलतसिंह मला आवडत नाहीत. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून कौतुकाची अपेक्षा करायला नको. माणूस उर्मट, आवाज चढा, आणि समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्याची अक्कल काढायची सवय. पूर्वज फौजेत होते. हे महाशय कंपू या जुन्या छावणीच्या भागातल्या आमच्या मंडळाच्या मैदानावर ट्रॅक्टर चालवतात. पण रुबाब असा, की अजून घोड्यावरून उतरलेच नाहीत.

ट्रॅक्टर त्यांच्याइतकाच जुना. त्याच्या पोटाखाली गवत कापायचा डेक आहे. उपडी लोखंडी पेटी, तिच्यात तीन पाती, आणि प्रत्येक पातं एकेका उभ्या दांड्यावर, म्हणजे स्पिंडलवर फिरणारं. मी मंडळाचा चिटणीस. गवत उंच राहिलंय असं मी म्हटलं, की उत्तर ठरलेलं, "काका, तुम्ही रजिस्टर बघा, घास मी बघतो."

क्रिकेटच्या स्पर्धेला पाच दिवस उरले असताना, मंगळवारी, भर मैदानात डेकमधून कर्कश आवाज आला आणि मधलं पातं लटकलं. पत्रा वीतभर फाटला. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. त्याच दुपारी मी कार्यकारिणीला पत्र लिहिलं, की चालकाच्या निष्काळजीपणामुळे यंत्र मोडलं, त्यांना कामावरून कमी करावं. लेखणी चालू होतीच, म्हणून आणखी एक वाक्य जोडलं: चालक त्या वेळी शुद्धीत होता की नाही याचीही शंका आहे. त्यांना पिताना मी कधीही पाहिलं नव्हतं. पत्राची एक प्रत मैदानावरच्या सूचनांच्या फळ्यावर लावली. शनिवारी निकाल लागणार होता.

बुधवारी दौलतसिंहांनी डेक उतरवून खोलला आणि मला हाक मारली. "काका, जरा इकडे या. चष्मा लावून या."

त्यांच्या तळहातावर वितळलेला काळा गोळा होता. त्यातून लाल धागा डोकावत होता.

दसऱ्याला मैदानावरच्या यंत्रांची पूजा मी करतो, पूजेचा लाल नाडा बांधून. आमच्या घराण्यात पौरोहित्य होतं. यंदा दौलतसिंह बजावून म्हणाले होते, "नाडा स्टिअरिंगला बांधा, खाली नको." पण शस्त्रपूजा शस्त्राचीच करायची असते, आणि इथे शस्त्र म्हणजे पातं. हे त्यांना काय कळणार! ते प्रसाद घ्यायला गेल्यावर मी उचललेल्या डेकखाली हात घातला आणि मधल्या स्पिंडलला नाड्याचे तीन वेढे दिले. विधी यथासांग झाल्याचं समाधान वाटलं. तोच नाडा फिरत फिरत बेअरिंगच्या सीलमध्ये शिरला, ग्रीस गळून गेलं, बेअरिंग जळून अडकलं आणि त्या हिसक्याने पत्रा फाटला.

"मी सांगितलं तर बहाणा म्हणतील," दौलतसिंह म्हणाले. "तुम्ही लिहिलंय, तुम्हीच सांगा."

"बघू," मी म्हणालो.

मग त्यांनी फाटका पत्रा कापून जाड पट्टी बसवायला घेतली. एका दमात वेल्डिंग नाही. बोटभर टाका मारायचा, थांबायचं, मग दुसऱ्या टोकाला मारायचा. नाहीतर पत्रा तापून वाकतो. मी मुद्दाम जाऊन रविवारच्या सामन्याची आठवण करून दिली.

"तिरछा झाला तर मैदानाला पायऱ्या पडतील. निघा, काका."

शुक्रवारी नवी बेअरिंगं बसवून, प्रत्येक पात्याखाली लाकडी ठोकळा धरून त्यांनी तिन्ही पात्यांची उंची जुळवली. काम चोख होतं. त्याचाही मला राग आला.

शनिवारी अध्यक्ष कृष्णराव आणि इतर सभासद मैदानावरच जमले. ट्रॅक्टरने एक पट्टा कापून दाखवला. गवत गालिच्यासारखं सपाट.

"काम तर फर्स्टक्लास आहे," कृष्णराव म्हणाले. "मग मोडलं कसं? चिटणीस?"

दौलतसिंह माझ्याकडे पाहत होते. मी मधला रस्ता काढला. "बेअरिंग जुनं झालं होतं. माझा गैरसमज झाला. पत्र मागे घेतो." वाटलं, सुटलो दोघंही.

"जुनं?" दौलतसिंह कडाडले. "जूनमध्ये मी माझ्या हाताने नवीन टाकलंय! जुन्या बेअरिंगवर मी मशीन चालवेन? सांगा ना काका, सच सांगा!"

नोकरी वाचत होती आणि हा गृहस्थ ती स्वतःच लाथाडत होता. आता सगळेच माझ्याकडे पाहू लागले.

"नाडा मी बांधला होता," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

कृष्णराव पोट धरून हसले. पत्र टराटरा फाडलं. "चला, मिटलं!"

दौलतसिंह हसले नाहीत. ते ट्रॅक्टरवर चढून बसले.

"काय मिटलं, साहेब? बुधवारी माझी मुलगी डबा घेऊन आली होती. फळा वाचला तिने. संध्याकाळी घरी गेलो, तर दारातच तिने माझं तोंड हुंगलं."

त्यांनी इंजिन सुरू केलं. मी काहीतरी बोललो, बहुधा माफ करा असंच. त्या आवाजात ते माझं मलाही ऐकू आलं नाही.