तळहाताखालचं वाक्य

शेजारच्याच्या हातातलं वाचल्याशिवाय मला एसटीत चैन पडत नाही. शिरूर कासारहून बीडला येताना शेजारची मुलगी इंग्रजीचं पुस्तक वाचत होती. वाक्यातल्या क्रियापदापुढचं सगळं ती तळहाताने झाकायची, ओठ हलवायची, मग हात उचलायची.

“हे काय?” मी विचारलं.

“पुढचं वळखायचं, काका. ‘स्लीप’ला काईच लागत न्हाई. ‘पुट’ला काय ठेवलं अन् कुठं ठेवलं, दोन्ही लागतं. ‘डिपेंड’ आलं की मागून ‘ऑन’ येतंच.”

मीही अंदाज बांधू लागलो आणि चुकू लागलो.

“आईवडील काय करतात?”

“ऊसतोडीला गेलेत.”

“पुढच्या हंगामाला तूही जाणार?”

“ते भरतीच्या परीक्षेवर हाय,” म्हणत तिनं तळहात पुन्हा पानावर ठेवला. या खेपेला तो लवकर उचलला नाही.