साहेबांच्या पुढं धावणारं पाणी

हंबीरराव आपल्या राज्याचे पर्यावरण सचिव होते, हे आमच्या गल्लीला त्यांच्या निवृत्तीनंतरही नीट पटलेलं नाही. कलेक्टर म्हणजे काय ते कोल्हापूरकराला कळतं, फौजदार तर फारच चांगला कळतो. पण पर्यावरण सचिव? राज्यातल्या प्रत्येक धुराड्यावर, नाल्यावर आणि गणपतीतल्या डॉल्बीवर ज्याचा हुकूम चालतो असा माणूस, असं मी एकदा तालमीच्या कट्ट्यावर समजावून सांगितलं. आमचे सायकल दुकानवाले शमशुद्दीनभाई शांतपणे म्हणाले, "मग डॉल्बी का वाजतोय?" हंबीरराव शेजारीच उभे होते. हातातल्या भज्याचं त्यांनी टोक मोडलं, पण खाल्लं नाही.

मी आणि हंबीर शाळेत एका बाकावर बसायचो. तो हुशार, मी बोलका. तो मंत्रालयात गेला आणि मी इथं बोलत राहिलो. माणूस अतिशय नीटनेटका. घराबाहेर पडायचं तर आधी दौरा कळवायचा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक रस्ता आणि रस्त्यात बसलेली एक म्हैस, एवढंच अंतर. तरी याचा आदल्या दिवशी निरोप यायचा, की उद्या सकाळी तुमच्याकडे आगमन, चहापान, नंतर प्रस्थान. बायको म्हणायची, भावजी येणार आहेत, खुर्चीवरचे कपडे उचला. मी उचलायचो. सगळेच उचलायचे. गोम तिथंच होती.

सचिव असताना तो दरवर्षी आपल्या नदीची पाहणी करायला यायचा. मागं अधिकारी, त्यांच्या मागं पोलीस, पोलिसांच्या मागं आम्ही. दर वेळी नदी अशी निर्मळ, की तळातले गोटे मोजावेत. हंबीर वाकून पाणी ओंजळीत घ्यायचा, वास घ्यायचा आणि आमच्याकडे बघायचा. "उगाच बोंबलता तुम्ही," असं त्या बघण्यात असायचं. आम्ही खजील व्हायचो. आदल्या आठवड्यात याच नदीनं आमची नाकं झडायची वेळ आणलेली असायची, पण समोरच्या पाण्यावर कोण विश्वास ठेवणार नाही?

निवृत्त होऊन तो परत आला तेव्हा गावानं त्याचा सत्कार केला. फेटा, शाल, अंबाबाईची तसबीर. भाषणं रंगली. बंधाऱ्यावर ज्यांची सगळी नोकरी झाली असे एक जुने इंजिनियर उठले आणि प्रेमानं गहिवरून बोलू लागले. साहेबांचा दरारा काय सांगावा! साहेबांचा दौरा कळला की आदल्या दिवशी आम्ही बंधाऱ्याचे बरगे काढायचो. आपल्याकडचा बंधारा म्हणजे दगडी खांब आणि खांबांमध्ये बसवलेल्या फळ्या. त्या फळ्या म्हणजे बरगे. ते काढले की साठलेलं सगळं काळं पाणी एका लोंढ्यात खाली निघून जायचं, वरून धरणाचं ताजं पाणी यायचं, आणि साहेब यायचे. एकदा तर म्हणे साहेबांची गाडी पुण्याहून निघाली होती आणि हे लोक कमरेएवढ्या पाण्यात बरगे ओढत होते. सभागृह हसलं. हंबीरही हसला. मग फेटा सावरत त्यानं विचारलं, "खाली म्हणजे कुठं?"

"खाली म्हणजे... खालीच की, साहेब," इंजिनियर म्हणाले.

खाली बंधाऱ्यापासून पुढच्या वळणावर बयाबाईचं सासर आहे. बयाबाई ही हंबीरची थोरली बहीण. तिचा नवरा गणपतराव, म्हणजे हंबीरचे दाजी, हंबीरच्या शेवटच्या पाहणीनंतर थोड्याच दिवसांत काविळीनं गेले होते.

त्या दिवसापासून हंबीरला स्वच्छ गोष्टींची भीती बसली. आम्ही मिसळ खायला गेलो, पोऱ्यानं टेबल पुसलं. हंबीरनं त्याचा हात धरला आणि विचारलं, पुसलंस ते कुठं गेलं? पोऱ्यानं फडकं दाखवलं. मग फडकं कुठं धुतोस? मिसळ गार झाली. घरी संयोगितावहिनींनी केर काढला की हा केराच्या मागं दारापर्यंत, तिथून घंटागाडीपर्यंत. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, लग्न झाल्यापासून ह्यांनी माझ्या मागं एवढ्या फेऱ्या कधी मारल्या नव्हत्या." मला हसू आलं. त्या मात्र हसत नव्हत्या. धुतलेल्या चादरीवर तो झोपत नव्हता. बेसिनचा नळ सोडला की जाळीशी कान लावायचा आणि म्हणायचा, खाली दाजी उभे आहेत, अंग पुसतायत, पण पाणी त्यांच्या अंगावरून निथळतच नाही.

त्याला एकच गोष्ट विचारायची होती आणि एकाच माणसाला. दिवाळीला तो बहिणीकडे जायचा, पण अर्थातच कळवून. ती ओवाळायची, जेवू घालायची, आणि प्रश्न त्याच्या पोटातच राहायचा. "कळवून गेलो की मला खरं काही दिसतच नाही," तो एकदा म्हणाला. मी म्हटलं, मग न कळवता चल. न कळवता जायचं म्हणजे त्याला पँट न घालता जाण्यासारखं होतं. तरी भर चैत्रात तो माझ्या स्कूटरवर मागं बसला आणि गाव येईपर्यंत माझा शर्ट मुठीत धरून होता.

बयाबाई सोप्यात तांदूळ निवडत होती. भावाला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पहिली तक्रार केली, "कळवायचं तरी, रं. पाण्याचा जार आणून ठेवला आसता. तू येनार म्हंजी दर साली आणतोयच की आमी."

हंबीर उंबऱ्यावरच बसला. बहिणीनंही त्याच्यासाठी बरगे काढलेच होते. त्यानं तिला सगळं सांगितलं: बंधारा, फळ्या, दौरा, सत्कार. सांगताना त्याचं मंत्रालयातलं मराठी हळूहळू गळून पडलं. शेवटी तो म्हणाला, "आक्का, दाजी माझ्यामुळं गेलं का?"

बयाबाईनं पदरानं हात पुसले.

"तू आलास की आमास्नी आधीच कळायचं," ती म्हणाली. "नदी काळी व्हायची, मासं उलटं व्हायचं. का, ते ठावं न्हवतं. पर तू आलास की व्हायचं. ह्येंना लई कौतुक. घाटावर समद्यास्नी सांगायचं, मेव्हणा आलाय जिल्ह्यात. त्या दिवशी बी तसंच सांगत पाण्यात उतरलं. वंजळभर सूर्याला, वंजळभर तोंडात."

"मग?"

"मग कावीळ. त्या दिवसाच्या पाण्यानं, का रोजच्या, मला काय ठावं? पानी काय नाव सांगतंय व्हय?"

तिनं सूप परत मांडीवर घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं, असं हंबीरच्या तोंडावर दिसत होतं. क्षमा केली असती तरी चाललं असतं. तिनं दोन्हीपैकी काहीच केलं नाही. भावाला जेवायला वाढलं आणि पाणी उकळायला ठेवलं.

हंबीर त्या दिवशी माझ्याबरोबर परत आला नाही. आता तो बराचसा तिकडेच असतो. वहिनीही अधूनमधून जातात. सध्याच्या सचिवांना त्यानं फोन करून सांगितलं होतं, की दौरा जाहीर करू नका. त्यांनी अत्यंत आदरानं ऐकून घेतलं, आणि दौरा नेहमीसारखा पेपरात आला.

दौऱ्याच्या आदल्या दिवशी मी बयाबाईच्या गावात होतो. एके काळी अख्ख्या राज्याच्या नद्यांचा कारभार बघणारा माणूस सदरा घालून घरोघर फिरत होता. उद्या साहेब येणार आहेत, नदीतल्या पाण्याच्या मोटारी वर काढा, म्हशी सोडू नका, पाणी भरून ठेवा. बायका त्याची चेष्टा करत होत्या, की दवंडीला हलगी कुठं हाय, साहेब? तोही हसत होता. मला वाटलं, माझा मित्र सावरला.

शेवटचं घर झाल्यावर तो घाटावर गेला. मी मागोमाग. ऊन कलतं होतं, घाटावर कोणी नव्हतं. खालच्या पायरीशी, जिथं पाणी सुरू होतं, तिथं तो थांबला, आणि आपण थोरल्या माणसाशी बोलताना वाकतो तेवढा वाकला.

"दाजी," तो म्हणाला, "उद्या नका उतरू."

आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला.