माळकरणीच्या कुत्र्याचं जेवण

आमच्या आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि आपलं कुत्रंही माळकरीच आहे असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. कुत्र्याच्या गळ्यात खरं तर चामड्याचा पट्टा होता. पण ते एकादशीला भगर खातं, संध्याकाळी आई भजन म्हणायला बसली की उंबऱ्याशी येऊन पडतं आणि हाडाकडे ढुंकून बघत नाही, एवढ्या पुराव्यावर तिनं त्याला पदरात घेतलं होतं. हाडाकडे न बघण्याचं कारण सोपं होतं. त्याला हाड कोणी दाखवलंच नव्हतं.

हे कुत्रं आणलं माझ्या धाकट्या भावानं. तो सुप्याला कारखान्यात कामाला जातो. तिथल्या चहाच्या टपरीमागे हे पिल्लू कुडकुडत होतं, ते त्यानं डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. "दारात बांध, घरात न्हाई," असं आईनं बजावलं. पुढच्या रविवारी मी नगरहून गावी गेले तेव्हा ते चुलीशेजारी, माझ्या लहानपणच्या गोधडीवर झोपलेलं होतं. नाव वगैरे ठेवायच्या भानगडीत ती पडली नाही. ती त्याला 'बाबा' म्हणायची. आम्हा दोन्ही पोरांना तिनं कधी इतक्या मायेनं 'बाबा' म्हटल्याचं मला आठवत नाही.

बाबाचं जेवण बघण्यासारखं होतं. सकाळी दुधात कुस्करलेली बाजरीची भाकरी. दुपारी भात आणि वरणाचं पाणी. चहाच्या वेळेला बशीभर चहा आणि त्यात बुडवलेली बिस्किटं, कारण आपण चहा प्यायचा आणि समोरच्यानं नुसतं बघायचं हे आईला जमत नाही, मग समोरचा चार पायांचा का असेना. रात्री पुन्हा भाकरी. सणाला पुरणपोळी आणि वर तूप. उपवास सोडताना पहिला गोड घास त्याचा.

मी नगरला शाळेत शिकवते, त्यामुळे लोकांना समजावून सांगायची मला खोड आहे. त्यात हातात मोबाईल. कुत्र्या-मांजरांच्या आहारावर जे जे म्हणून वाचायला मिळालं ते मी वाचलं आणि दर रविवारी आईपुढे ओतलं. कुत्र्याला चहा चालत नाही. साखर चालत नाही. कांदा-लसूण तर नाहीच, आणि मनुका म्हणजे विष.

"तुमच्या नगरच्या कुत्र्यान्ला चालत नसंल," आई म्हणाली. "परसादानं कुनाला इख झालंय व्हय?"

पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून मी गप्प बसले. पण पुढच्या खेपेला प्रसाद हातावर पडला तेव्हा त्यात मनुका नव्हत्या. नुसते फुटाणे आणि खडीसाखर होती. मी विचारलं तर म्हणाली, "दुकानदाराकडं संपल्या असतील." आईचं हे असं आहे. ती ऐकते, पण ऐकलं असं कबूल करत नाही.

एवढी बडदास्त असूनही बाबाची तब्येत मात्र उतरत चालली होती. पोट सुटलेलं आणि पाय काटक्या. पाठीवरचे केस जागोजागी गेले होते आणि अंगाला हात लावला की कोंडा झडायचा. रोज सकाळी आई दुधाची किटली घेऊन डेअरीवर जायची तेव्हा तो तिच्या पुढे पळायचा. आता तो मागे राहायला लागला. आई कोपऱ्यावर थांबून त्याची वाट बघायची. "म्हातारा झाला जनू," असं म्हणायची. तो म्हातारा नव्हता. ऐन उमेदीत होता आणि तिच्या डोळ्यांदेखत खंगत होता, आणि हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

मग मी शहाणपणा केला. नगरच्या दुकानातून कुत्र्याच्या तयार खाण्याची मोठी पिशवी आणली. पिशवीवर सोनेरी केसांच्या एका विलायती कुत्र्याचं चित्र होतं. आईनं ते चष्मा लावून बघितलं. "हे तर रोज पार्लरात जातंय," ती म्हणाली. पण लेकीनं पदरमोड करून आणलंय म्हणून तिनं ती पिशवी ठेवून घेतली. ठेवली ती गोठ्यात, गाईच्या गोळी पेंडीच्या पोत्याशेजारी. दोन्हीकडे गोळ्याच, तेव्हा जागा एकच, असा तिचा हिशोब.

दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला, मोठ्या खुशीत. बाबानं गोळ्या खाल्ल्या होत्या. आणि एकट्या कुत्र्याचेच लाड कसे करायचे, म्हणून तिनं मूठभर गाईपुढेही टाकल्या होत्या. मुक्या जिवात भेद करू नये.

तिथं मी तोंड आवरायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, त्यात कोंबडी असते."

पलीकडून घमेलं आपटल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला.

पुढची हकिगत भावानं सांगितली. गाय आमच्या आईपेक्षा सोवळी निघाली. तिनं त्या गोळ्या हुंगल्या आणि तोंड फिरवलं. तरी तिचं तोंड धुतलं गेलं, घमेलं घासलं गेलं, आणि पिशवी गोठ्यातून निघाली ती थेट चाचीच्या कोंबड्यांपुढे जाऊन पडली. चाची म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण; आई तिला भाबी म्हणते. तिचे मिस्टर शिवणकाम करायचे आणि ती कोंबड्या पाळायची, अजून पाळते. कोंबड्यांना कोंबडी खायला घातली जातेय हे मी कोणालाच सांगितलं नाही. एका फोनपुरतं माझं बोलून झालं होतं.

त्यानंतर गाईला तपासायला जनावरांचे डॉक्टर आले. गाईला काही झालेलं नव्हतं. जाता जाता त्यांची नजर बाबावर गेली. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, हिरड्या बघितल्या आणि विचारलं, "मावशी, याला खायला काय घालता?"

आईनं अभिमानानं सगळी यादी सांगितली. त्या दिवशी मी तिथंच होते, आणि डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघून मला हसू आवरेना.

"पोट भरतंय त्याचं, अंग भरत नाही," डॉक्टर म्हणाले. "भाकरी कमी करा. चहा-बिस्किट बंद. त्याला रोज उकडलेलं अंडं द्या. जमलं तर कोंबडीचं मांस, मीठ-मसाला न घालता शिजवून. नाहीतर मागचे पाय जातील हो त्याचे."

आई म्हणाली, "ते पांढरं सोडून काय असंल तर सांगा, डॉक्टर."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, अगदी जसंच्या तसं. मी चौथीत असेन. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी आईला बोलावून घेतलं होतं. मी तेव्हा इतकी वाळकी होते की वारा सुटला की मला दप्तर घट्ट धरून चालावं लागे. डॉक्टर म्हणाले, पोरीला अंडी द्या. आई म्हणाली, ते पांढरं सोडून सांगा. त्या वस्तूचं नावसुद्धा ती घेत नाही. मग मला गूळ-शेंगदाणे मिळाले, खजूर मिळाले, नाचणीची आंबील मिळाली, आणि माझ्या बरगड्या होत्या तशाच राहिल्या.

मला वाचवलं ते चाचीनं. आई रोज संध्याकाळी माझ्या हातात दुधाचा तांब्या द्यायची आणि म्हणायची, चाचीला देऊन ये. चाची दूध ओतून घ्यायची, मला स्टोव्हजवळ बसवायची आणि माझ्यापुढे अंडं ठेवायची. कधी उकडून, मीठ लावून. कधी तव्यावर, कांदा घालून. मी खायची, तिच्या मोरीत चूळ भरायची, चार वेळा हात धुवायची, आणि रिकामा तांब्या घेऊन साळसूद चेहऱ्यानं घरी यायची. आईला कधी काही कळलं नाही. वर्षानुवर्षं मला या गोष्टीचा फार अभिमान होता. एवढ्या चाणाक्ष बाईच्या डोळ्यात मी धूळ फेकली होती.

असो. 'पांढरं सोडून' म्हटल्यावर डॉक्टरांनी सुस्कारा टाकला आणि पनीर, दही, शिजवलेली डाळ असं काहीबाही सांगितलं. "तेवढ्यानं किती भागेल सांगता येत नाही," असंही म्हणाले. आईनं ते शेवटचं वाक्य ऐकलं नाही आणि कामाला लागली. घरच्या दुधाचं पनीर झालं. ते बाबाला आवडलं, पण पोटाला सोसलं नाही. मग तिनं हुलगे आणि मटकी शिजवली, कारण हुलगे खाऊन बैल नांगर ओढतो. बैलाचं काय असेल ते असो, त्या आठवड्यात बाबाच्या शेजारी बसायची कोणाची छाती नव्हती. भजनालासुद्धा तो उंबऱ्याच्या बाहेर बसला.

मग एका सकाळी भावाचा फोन आला. आईनं किटली उचलली, बाबाला हाक मारली, त्यानं शेपूट हलवली आणि उठायचा प्रयत्न केला, पण मागचे पाय उचलेनात. आई एकटीच डेअरीवर जाऊन आली.

मला तिचा भयंकर राग आला. एक मुका जीव मरायला टेकलाय आणि हिला माळेचं पडलंय. रविवारी जाऊन तिला काय काय सुनवायचं ते मी एसटीत बसून जुळवत गेले. पारनेर फाट्यापर्यंत माझं भाषण तयार झालं होतं.

अंगणात शिरले तर लिंबाखाली तीन दगडांची चूल पेटलेली होती. त्यावर कान तुटलेलं एक जुनं पातेलं होतं. आई समोर बसली होती, नाकाला पदर लावून, तोंड रस्त्याकडे करून, आणि न बघता चमच्यानं पातेल्यात ढवळत होती. पाण्यात अंडी खडखडत होती. शेजारी पाटावर चाची सुपारी कातरत बसली होती. बाबा गोधडीवर पडून दोघींकडे बघत होता, आणि त्याचे कान चांगले उभे होते.

माझं भाषण विरून गेलं. पण जिभेला गप्प बसवेना.

"माळेचं काय झालं?" मी विचारलं.

"माळ माझ्या गळ्यात हाय," आई म्हणाली. "त्याच्या गळ्यात पट्टा हाय."

"आणि मी? माझ्या गळ्यात काय होतं गं? माझ्या बरगड्या मोजत होते लोक. तेव्हा नाही पेटली ही चूल. कुत्र्यासाठी पेटली."

मी हे चेष्टेत म्हणायला गेले होते, पण ते तसं निघालं नाही. आई पातेल्यात ढवळत राहिली. चाची मात्र हसायला लागली.

"आगं बेटा, ह्यालाबी पयल्यांदा माझ्याकडंच धाडला व्हता," ती म्हणाली. "तुझ्यावानीच. तुज्या भावानं उचलून आनला. मी अंडं म्होरं ठिवलं. हा हुंगतो आन् भिताडाकडं बघत बसतो. चार दीस केलं आसं. माझ्या हातचं खाईनाच."

"मंग काय करू?" आई रस्त्याकडे बघतच म्हणाली. "तू खात हुतीस भाबीच्या हातचं. तुझी मला काळजी नव्हती. ह्याला माझ्याच हातचं लागतंय."

मी चुलीजवळ बसले. "तुला माहीत होतं?"

"घरात चहाला दूध उरत नव्हतं, तरी रोज तांब्या कशापायी धाडत हुते मी?" ती म्हणाली. "पलीकडच्या दाराला जाऊन यायला तुला येवढा येळ लागायचा. कदी इचारलं का, कुठं हुतीस म्हनून?"

तिनं खरंच कधी विचारलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते धुरामुळं आलं असं सांगायची सोयही नव्हती, कारण धूर सगळा चाचीकडे जात होता. इतकी वर्षं मी स्वतःला हुशार समजत होते. चाची कातरायची थांबली नाही. तिलाही हे पहिल्यापासून माहीत होतं आणि तिनंही कधी ओठ हलवला नव्हता.

"आता रडत बसू नगं," आई म्हणाली. "ती सोल. माझ्या हातून सोलवत न्हाईत. आन् पिवळं समदं देऊ का त्याला? तुज्या मोबाईलात बघ."

मी बघितलं. सगळं चालेल, असं सांगितलं. गार पाण्यात घालून मी एकेक अंडं सोललं आणि पहिला तुकडा मीच बाबापुढे धरला. त्यानं तो हुंगला आणि माझ्या खांद्यावरून आईकडे बघितलं. मग मी तो तुकडा आईच्या तळहातावर ठेवला. तिनं डोळे मिटले, तोंड फिरवलं आणि हात पुढे केला. बाबा पुढच्या पायांवर सरकत आला आणि त्यानं तो हात चाटूनपुसून साफ केला.

हात नीट साफ होईपर्यंत तिनं तो मागे घेतला नाही. मग उठली आणि अंघोळीला गेली.