मोठीची दोन तिकिटं

तिकिटं लागल्याचं मोठीला कळलं तेव्हा ती दात घासत होती. स्वतःचे नव्हे हो, एका पेशंटचे. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत ती कवळ्या बनवते. प्लास्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, गुलाबी पावडरीचे डबे आणि गरगर फिरणारं पॉलिशचं चाक, हे तिचं राज्य. चाक बंद करून तिने हात पुसले, फोन पाहिला, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिला. जगातल्या सगळ्यात मोठ्या फुटबॉल स्पर्धेच्या सोडतीत तिचं नाव आलं होतं. परदेशात, आपल्या संघाचा पहिलाच सामना, गोलच्या मागच्या दोन जागा.

दुसरी कोणी असती तर नाचली असती. मोठी स्टुलावर टेकली आणि म्हणाली, "आता बघतेच एकेकाला!"

तुम्ही म्हणाल, बाईला फुटबॉलचं तिकीट लागलं, यात एकेकाला बघण्यासारखं काय? तर ऐका.

मोठी म्हणजे घरातली मोठी सून. लग्न होऊन ती सासरी आली तो दिवस फार वाईट निघाला. त्या संध्याकाळी आपला संघ पात्रता फेरीचा शेवटचा सामना खेळत होता. एका गोलने पुढे होता, सामना संपत आला होता, आणि नवरदेव बायकोला दारात उभी करून मान वाकडी करकरून आतला टीव्ही बघत होता. मोठीने एक पाऊल आत टाकलं आणि समोरच्यांनी बरोबरी केली. दुसरं पाऊल टाकलं आणि दुसरा गोल. हे सासऱ्यांचं म्हणणं. दोन पावलांत दोन गोल कसे होतील, असं कोणी विचारलं नाही, कारण त्या घरात फुटबॉलच्या वेळी अक्कल कपाटात ठेवलेली असते. संघ स्पर्धेबाहेर गेला. सासऱ्यांनी नव्या सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माणसांनी गच्च भरलेल्या हॉलमध्ये म्हणाले, "पांढऱ्या पायाची आहे ही."

झालं! शिक्का बसला. तेव्हापासून नियम असा की सामना सुरू झाला की मोठी बाहेर. बाहेर म्हणजे जिन्यात. आत सासरे त्यांचा तो न धुतलेला पिवळा शर्ट घालून बसणार, दीर डाव्या पायावर उजवा पाय टाकून बसणार आणि सामना संपेपर्यंत पाय बदलणार नाही, नवरा रिमोट उलटा धरणार. आणि घरची सून दाराबाहेर थंड पायरीवर. वरच्या मजल्यावरून ओरडा आला की गोल, सुस्कारा आला की हुकला, एवढंच तिच्या वाट्याला. वास्तविक त्या घरात खेळ कोणाला कळत असेल तर तिलाच. माहेरी ती गल्लीतल्या पोरांच्या गोलात उभी राहायची, आणि तिच्या हातून चेंडू सहसा सुटायचा नाही.

नवऱ्याचं म्हणाल, तर तो वाईट नाही. तो काहीच नाही. "जाऊ दे ना गं, दोन तासांचा तर प्रश्न आहे," असं म्हणून तो आत गेला, तो अजून आतच आहे.

पुढे हे प्रकरण फुटबॉलपुरतं राहिलं नाही. सासऱ्यांचा पाय मुरगळला, कारण मोठी समोरून आली. दिराची नोकरी हुकली, कारण मोठीने त्याला "नीट जा" म्हटलं. दिराच्या पुढच्या मुलाखतीच्या दिवशी मोठीला तो घराबाहेर पडेपर्यंत खोलीतून बाहेर यायला बंदी. तिने सगळं ऐकून घेतलं. मूग गिळून बसणं तिला चांगलं जमायचं.

मग तिचा मुलगा शाळेच्या संघात गेला. अंतिम सामन्याच्या सकाळी तिने त्याच्या जर्सीला इस्त्री केली, स्वतः नवा ड्रेस घातला, केस विंचरले. तेरा वर्षांचं ते पोर दारात घुटमळलं आणि म्हणालं, "आई, तू नको ना येऊस." ती नाही गेली. संध्याकाळी चषक घेऊन पळत आला, तिच्या गळ्यात पडला आणि म्हणाला, "बघ आई, तू आली नाहीस म्हणून जिंकलो!" अगदी लाडाने म्हणाला. मेल्याला कळतसुद्धा नव्हतं काय म्हणतोय ते. पण सासऱ्यांवरचा जो राग मोठीने इतके दिवस दाताखाली धरला होता, तो त्या दिवशी पोटात उतरला आणि तिथेच मुक्कामाला राहिला.

तर तिकिटं लागली त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसलेले असताना मोठी म्हणाली, "मी स्पर्धेला जाणार आहे."

"कुठल्या?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही ज्याच्यासाठी मला जिन्यात बसवता, त्या. माझ्या पगारातून. स्टेडियममध्ये बसणार, आपल्या गोलच्या मागे."

दिराला ठसका लागला. सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "अगो, इतक्या वर्षांनी आपला संघ तिथवर पोचलाय," ते म्हणाले.

"म्हणूनच तर चाललेय, बाबा. बघू या ना, माझ्या पायात किती दम आहे."

त्या क्षणापासून घराच्या तोंडचं पाणी पळालं. आणि मोठीने प्रवासाची तयारी सुरू केली ती सगळ्यांच्या नाकासमोर. व्हिसासाठी फोटो काढले आणि कोणता फोटो चांगला ते सासऱ्यांना विचारलं. विमान मधे कुठे थांबतं, मैदानापर्यंत बस जाते की मेट्रो, सगळं मोठ्याने वाचायची. हॉटेल परवडेना, तर एका म्हाताऱ्या बाईच्या घरातली खोली ठरवली आणि तिच्याशी फोनवर मोडक्यातोडक्या इंग्रजीत खिदळली. "भाऊजी, तिकडे थंडी असेल का हो?" ती दिराला विचारायची. "बूट कोणते घेऊ? पांढरेच घेते. पायांना शोभतील."

दीर रडकुंडीला आला. "वहिनी, समुद्रावर जा, डोंगरावर जा, म्हणाल तिथे पाठवतो. तेवढा सामना सोडा."

"का बरं?"

आता काय बोलणार? पांढऱ्या पायाची म्हणून, असं तोंडावर सांगायची सोय नाही. आणि तसं काही नसतं म्हणावं, तर मग अडवता कशाला? मोठी निवांत भाजी चिरायची. इमारतीतली फुटबॉलवेडी मंडळीसुद्धा एकदा शिष्टमंडळ घेऊन आली. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर हात जोडून म्हणाले, "वहिनी, देशाचा प्रश्न आहे." मोठीने सगळ्यांना जिन्यातच उभं ठेवलं, सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. काय मजा आली म्हणून सांगू! इतक्या वर्षांत तिला इतकी शांत झोप लागली नव्हती.

दुसऱ्या तिकिटाबद्दल मात्र ती एका शब्दाने बोलली नव्हती. ते तिने मनातल्या मनात केव्हाच मुलाला देऊन टाकलं होतं. तो आता कॉलेजात होता. निदान याला तरी शेजारी बसवून पुसून टाकू ते जुनं, असं तिला वाटत होतं. पण त्याआधी त्या तिकिटावर एक हिशेब चुकता करायचा होता.

सासऱ्यांची वरची कवळी सैल झाली होती. नवीन करायची म्हणून ते दवाखान्यात आले. डॉक्टरांनी चमच्यासारख्या ट्रेमध्ये मापाचा लगदा भरून तो त्यांच्या तोंडात बसवला, "हलायचं नाही, बोलायचं नाही," म्हणाले, मोठीला ट्रे धरून ठेवायला सांगितलं आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. मोठीने दोन बोटांनी ट्रे दाबून धरला. सासरे छताकडे बघत होते.

"बाबा, एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "तिकिटं दोन आहेत."

म्हाताऱ्याचे डोळे गर्रकन तिच्याकडे वळले. त्या माणसाने जन्मभरात एकच स्वप्न पाहिलं होतं, की ती स्पर्धा एकदा तरी मैदानात बसून बघायची. गोदामात कारकुनी करता करता ते राहून गेलं. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

"ऊं! ऊं ऊं!"

"हलू नका हो, माप बिघडेल. मग शिंकलात की कवळी बाहेर. तर मी काय म्हणत होते, शेजारी कोणाला न्यावं कळत नाहीये. पांढऱ्या पायाच्या बाईशेजारी बसायला कोण तयार होणार, नाही का?"

"ऊंऽऽऊं!"

"हो ना, मलाही तसंच वाटतं."

लगदा घट्ट झाला, ट्रे निघाला, सासरे काही बोलणार एवढ्यात ती "चूळ भरा" म्हणून मागच्या खोलीत निघून गेली.

संध्याकाळी सासऱ्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. पिवळा शर्ट घातला होता, म्हणजे प्रकरण गंभीर. "मोठी," ते म्हणाले, "मी चुकलो. पांढरा पाय वगैरे सगळं थोतांड आहे. तुझ्यासारखी सून शोधून सापडायची नाही."

"परत म्हणा. भाऊजींना ऐकू आलं नाही."

त्यांनी परत म्हटलं. मोठीने उठून खिडकी उघडली. "आता जरा मोठ्याने. मास्तरांनाही कळू दे."

म्हाताऱ्याने तेही केलं! मान खाली घालून, खिडकीकडे तोंड करून, खणखणीत आवाजात. नवरा रिमोटशी चाळा करत बसला होता. मोठीचे कान तृप्त झाले. मग सासरे हळूच म्हणाले, "मग... दुसरं तिकीट?"

"ते तर केव्हाच दिलं, बाबा. मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

दया आली का तिला? नाही आली. उगाच खोटं कशाला बोला?

दुसऱ्या दिवशी मुलगा कॉलेजातून आला तसा तिने त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं. दोन्ही जागांना नावं नोंदवायची होती. "पहिलं माझं आहे," ती म्हणाली, "दुसरं तू टाक. तुझं."

पोराने किंकाळीच फोडली. आईला उचलून गोल फिरवलं. मग दोघं डोक्याला डोकं लावून बसली. तिथे गेल्यावर काय बघायचं, काय खायचं, कोणता झेंडा न्यायचा, म्हाताऱ्या घरमालकिणीला भेट काय न्यायची. तेवढा वेळ मोठीच्या डोक्यात सूड नावालाही नव्हता. ती खरंच सुखात होती.

पोराने स्टेडियमचा नकाशा उघडला. "अरे वा! आई, आपल्या जागा बरोबर पायऱ्यांच्या कडेला आहेत. बरं झालं."

"का रे?"

"म्हणजे पेनल्टी वगैरे आली तर तुला पटकन बाहेर जाता येईल." त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तेवढंच हं, आई. बाकी सगळा सामना बघ तू. मी आजोबांसारखा नाहीये."

त्याने ते इतक्या मायेने सांगितलं होतं की मोठीला धड रडताही येईना. सासऱ्यांचं जाऊ दे, ते परके. हा पोटचा. याला तिने भरवलं होतं, याच्या गुडघ्यांना मलम लावलं होतं, आणि हा तिला तिच्याच पैशाने पेनल्टीपुरतं बाहेर घालवत होता.

तिने कीबोर्ड ओढून घेतला आणि त्याचं नाव एकेक अक्षर करून पुसलं. ही जागा रिकामी राहील, चालेल का, असं समोर आलं. तिने 'हो' दाबलं.

"आई! काय करतेयस? मग तिथे कोण बसणार?"

"माझी पर्स."

"पर्स? अगं, लोक जीव टाकतायत त्या खुर्चीसाठी!"

"टाकू देत."

आरडाओरडा ऐकून सासरे, दीर, नवरा, सगळे दारात जमा झाले. "काय झालं? कोणाला दिलं तिकीट?" सासऱ्यांनी विचारलं. पोरगा रडवेला होऊन पडद्याकडे बोट दाखवत होता.

मोठी उठली. "त्या दिवशी टीव्ही नीट बघा," ती म्हणाली. "गोलच्या मागे एक बाई असेल. पेनल्टी आली तर ती उभी राहून ओरडत असेल. तिच्याशेजारी एक खुर्ची रिकामी असेल, तिच्यावर पर्स. ती जागा तुमची. तुम्हा सगळ्यांची."