खिडकीतून सांगितलेली मुंबई

"इथूनच बोल. खिडकीतून सारं आयकू येते."

अध्यक्षबाईंनी मला पडवीत उभं केलं आणि दार आतून ओढून घेतलं. आवाज चढलेला नव्हता. उलट गोडच होता.

थोड्या वेळापूर्वी त्याच मला हात धरून आत नेत होत्या. वर्ध्याच्या त्या महिला मंडळाला मुलींसाठी इंग्रजी वर्ग काढायचा होता. मुंबईच्या मिशन शाळेत शिकलेली एक मुलगी गावात परत आली आहे, एवढंच त्यांच्या कानावर गेलेलं. तिनं आधी मुंबईवर बोलावं, बोलणं पसंत पडलं तर नोकरी. माझी मावशी मुंबईत एका दवाखान्यात आया होती, तिच्याकडे राहून मी शिकले. माझं नेसणं, बोलणं बघून कुणाला शंका आली नाही. उंबऱ्यावर एकीनं फक्त विचारलं, "कोणाची गं तू?"

मी बाबांचं नाव सांगितलं. रोज सकाळी त्यांच्याच गल्लीतलं गटार उपसणारे माझे बाबा.

धरलेला हात सुटला. बाईंनी आपला हात पदराला पुसला. मी पाहिलं.

खिडकीला उभे गज. आत सतरंजी, वाळ्याच्या ताट्या, पानाचं तबक. बाहेर माझ्या पाठीला अंगणातल्या उन्हाची झळ. परत फिरावंसं वाटलं. पण सकाळी बाबा म्हणाले होते, "भेवू नको वं माय. तुले नोकरी लागली का हे घमेलं मी फेकून देतो."

त्या घमेल्यासाठी मी गज धरला आणि बोलायला लागले.

समुद्र हटवून जमीन कशी केली ते सांगितलं. बेटं जोडली, गोदी आली, गिरण्या आल्या, माणसं येतच राहिली. तिथली हवा अंगाला चिकटते, थंडीतही घाम येतो. लांबच्या तलावांचं पाणी जमिनीखालून येतं. आमच्या चाळीत नळ एकच. ज्याची बादली पुढे, त्याचं पाणी आधी.

"साऱ्याइचा एकच नळ?" आतून कुणीतरी विचारलं.

"हो."

"त्याइले समुद्र आहे ना विटाळ धुवाले! आपण कुठून आणाचा?"

सगळ्या हसल्या. मी चेहरा हसरा ठेवला. नोकरी आत होती.

निवडणुकीत मावशी आणि तिची डॉक्टरीणबाई एकाच रांगेत उभ्या होत्या, तेही सांगितलं. खोली मिळताना मावशीला आडनाव विचारलं होतं, ते मात्र सांगितलं नाही. तेवढं माझ्याजवळ ठेवलं.

बोलणं संपलं. टाळ्या वाजल्या. अध्यक्षबाई खिडकीशी आल्या.

"छान बोलली. तुझं पक्कं. उद्यापासून येजो. पोरी आत बसतीन, तू इथूनच शिकवजो. फळा खिडकीत टांगू."

फळ्याचाही विचार झाला होता. त्यांच्या लेखी ही मेहरबानी होती.

मला तो वर्ग दिसला. त्या लहान पोरी माझ्याकडून इंग्रजी शिकतील. आणि रोज, न शिकवता, हेही शिकतील की ही बाई गजांच्या बाहेरची. ते शिकवणारी मीच असेन.

"मी आत येऊन शिकवीन." आधी हळू म्हटलं. मग मोठ्यानं.

"अवं, आम्ही एवढं करून राह्यलो तुह्यासाठी, अन् तू..."

"मग नाही."

गज सोडला. तळहाताला गंज लागला होता.

घरी बाबा घमेलं घासत होते. मी सगळं सांगितलं. ते घासतच राहिले. मग खाली बघतच म्हणाले, "पडवीत सावली तं होती ना वं माय. मी तं उन्हात करतो."

दुसऱ्या सकाळी ते घमेलं घेऊन निघाले, त्याच गल्लीत. मी दारात उभी राहून ते वळणाआड जाईपर्यंत पाहिलं. नजर काढली नाही.

तरीही माझा नकार कायम आहे. बाबांच्या हातातलं घमेलं मला सोडवायचं आहे. पण खिडकीशी उभं राहून नाही. ज्यांना माझी विद्या हवी, त्यांनी आधी दार उघडावं. तोवर एक अक्षरही मी गजांमधून आत जाऊ देणार नाही.