व्लास्ताची शेवटची फेक

युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेसाठी आम्ही प्तुयहून ब्र्नोला गेलो तेव्हा व्हॅन चालवत होती व्लास्ता, आमच्या गावची टपालवाली. कधीकाळी क्लबात तिच्यासारखी हातोडाफेक कुणाची नव्हती. पण ऐन भरात असताना याच स्पर्धेला प्रशिक्षक बोगोमिरने तिला वगळून एका कोवळ्या पोरीला नेलं. तेव्हापासून तिने हातोड्याला हात लावला नाही. क्लब मात्र सोडला नाही.

त्या सकाळी सराव करताना आमच्या हातोडाफेकवाल्या नेझाचा खांदा निखळला. प्रत्येक प्रकारात क्लबचा एकच खेळाडू. शेवटच्यालाही एक गुण मिळतो, पण उतरलंच नाही किंवा एकही फेक वैध ठरली नाही तर भोपळा. राखीव म्हणून नाव होतं ते व्लास्ताचं, नुसतं जागा भरायला टाकलेलं.

बोगोमिर व्हॅनपाशी आला. व्लास्ता आमच्यासाठी सॉसेज कापत होती.

"व्लास्ता, हातोडा फेकशील?"

"आता बरी आठवण झाली! बाई जड झाली, तिचं संपलं, असं कोण म्हणालं होतं?"

"मीच," तो पुटपुटला. "चुकलो."

"मोठ्याने बोल. पोरींनाही ऐकू दे."

कान लालबुंद झाले त्याचे, पण बोलला. व्लास्ताने सुरी पुसली आणि माझ्याकडे वळली. "तुझे बूट काढ गं."

मी गोळाफेकवाली, माझे बूट तिला जरा सैलच झाले. पहिली फेक जाळीत गेली, दुसरीही. तिसऱ्या वेळी गिरकी घेताना पाय वर्तुळाबाहेर पडला. कुणीतरी फिदीफिदी हसलं. आता चारपैकी एकच फेक उरली.

"गिरक्या सोड, उभ्यानेच फेक!" मी ओरडले.

"शाळेतल्या पोरींसारखी?"

"हो, तश्शीच!"

तिने हातोडा डोक्याभोवती फिरवला आणि सोडला. फार लांब गेला नाही, पण रेघांच्या आत पडला. पंचाने पांढरा झेंडा वर केला. व्लास्ता सगळ्यांच्या मागे होती, तरी दोन्ही हात उंचावून नाचत बाहेर आली.

संध्याकाळी निकाल लागला. आम्ही तळाला, खालच्या गटात ढकललेलो. तिच्या गुणाने काही फरक पडला नाही. बोगोमिर पुढच्या सीटवर तोंड पाडून बसला होता.

"सुतकी चेहरा कशाला?" गाडी सुरू करत व्लास्ता म्हणाली. "मंगळवारी सरावाला येतेय मी."

"पण पुढच्या स्पर्धेपर्यंत नेझाचा खांदा बरा होईल..."

"होऊ दे की. थाळीफेकीला कोण आहे तुझ्याकडे?"

कुणीच नव्हतं. पुढच्या वर्षी व्लास्ता थाळी फेकायला उतरली आणि दोघींना मागे टाकून आली.