गेला नाही, दबलाय

माझ्या गालांवरचे डाग मी आजवर कितीतरी जणांना दाखवले असतील — डॉक्टरांना, पार्लरवालीला, मेडिकल दुकानातल्या माणसालासुद्धा. पण त्या डागांपायी मी काय केलं, हे कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, सख्ख्या बहिणीच्या नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या महाद्वार रोडला समोरासमोर आलो तरी नजर चुकवावी लागणार नाही. बघा, सुरुवातच पळवाटेने केली.

आधी तोंडाचंच सांगते. ते सोपं आहे.

माझी मुलगी गार्गी पोटात होती तेव्हा सहाव्या महिन्यात दोन्ही गालांवर वांग आलं. बाळंतपण झालं की जातं, असं सगळ्या बायका म्हणाल्या. गेलं नाही. वर्षागणिक पसरत कपाळापर्यंत चढलं. मी तेव्हा शिरोलीच्या एका फाउंड्रीत एक्स्पोर्टची कागदपत्रं बघायचे — कुठला माल, किती पेट्या, कुठलं बंदर. कामात मी पक्की होते, हे मात्र न लाजता सांगते. पण दिवसातून दोनदा पेट्या बघायला शेडमध्ये जावं लागायचं, आणि पलीकडेच भट्टी. एक दिवस चहा आणणाऱ्या मावशींनी सगळ्यांदेखत विचारलं, "म्याडम, त्वांड भट्टीवर भाजलं काय वो?" सगळे हसले. मीही हसले. मावशींच्या मनात काही नव्हतं. आपल्याकडे माणसं बोलतातच अशी. कप हातात देता देता त्यांनी बटाट्याचा रस लावायलाही सांगितलं. पण त्या संध्याकाळी स्कूटरवरून घरी आल्यावर मी तोंडावरचा स्कार्फ काढला नाही. स्वयंपाक तसाच केला. गार्गीने विचारलं तेव्हा म्हटलं, धूळ लागलीय.

राजारामपुरीतल्या त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं — ऊन टाळा, उष्णता टाळा, दर तीन तासांनी सनस्क्रीन लावा. फाउंड्रीत नोकरी करणाऱ्या बाईला उष्णता टाळा म्हणे! घरून काम मिळालं तरच हे जमणार होतं. कागदपत्रंच तर करायची होती, घरी बसून होण्यासारखी. पण कारण काय सांगायचं? तोंडासाठी कुणी सवलत देतं का? "साहेब, माझ्या गालांवर डाग आहेत, मला घरी बसू द्या" — हे वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. स्वतःचीच कीव आली. म्हणजे खरं बोलायची संधी मला होती. ते वाक्य खोटं नव्हतं, नुसतं लाजिरवाणं होतं.

मग मी गार्गीचा दमा पुढे केला.

तो दमा खोटा नव्हता, हे आधी सांगू द्या. बाळदमा होता. दोन हिवाळे मी तिला मांडीवर घेऊन वाफ दिलीय, एकदा चार दिवस दवाखान्यात काढलेत. तेव्हा ती आठ वर्षांची होती. नवरा बँकेत, बदली सावंतवाडीला, शनिवारी यायचा. आमच्या मोठ्या साहेबांपुढे मी हे सगळं मांडलं, मांडताना रडलेही. ते रडणं कशाचं होतं, हे मलाच नक्की माहीत नव्हतं. साहेब म्हणजे फुटबॉलवेडा, मोठ्या आवाजाचा माणूस. म्हणाले, "पोरगी आधी बघा ओ. कागदं हितनं केली काय नि घरातनं केली काय, जहाजाला काय कळतंय?" महिन्यातून एकदा यायचं, बाकी घरून. एका वर्षासाठी दिलं, मग बघू म्हणाले.

त्या वेळी निम्मं खरं होतं. सहा महिन्यांनी तेवढंही राहिलं नाही.

मुलांच्या डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि म्हणाले, "दम्याचा पंप बंद. आता पळू दे पोरीला. जेवढी पळेल तेवढं चांगलं." त्यांनी गार्गीच्या हातावर टाळी दिली. कुठल्याही आईने पेढे वाटले असते. आणि मी? मी जिने उतरताना हिशेब करत होते, की हे साहेबांच्या कानावर गेलं तर मला परत भट्टीशेजारी जावं लागणार. आरशातला डावा गाल नुकता कुठे उजळायला लागला होता.

स्कूटरवर मागे बसून तिने विचारलं, "आई, माझा दमा गेला ना? शाळेत फुटबॉलला नाव देऊ?"

कोल्हापुरात पोरीने फुटबॉलला नाव द्यायचं म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. मॅच असली की अर्धं गाव मैदानावर. आमचे साहेब तर शाळांच्या स्पर्धांनाही जाऊन बसायचे, पोरांना जर्सी वाटायचे. जिच्या दम्यासाठी आईला घरी बसवलं, ती पोरगी त्यांच्या डोळ्यांदेखत मैदानभर धावली असती.

"गेला नाही बाळा," मी म्हटलं, "दबलाय."

हेच ते. एवढंच सांगायचं होतं, आणि त्यासाठी इतका वळसा घातला. आजारातून उठलेल्या माझ्या मुलीला मी परत आजारी केलं. औषध न देता, हात न लावता, दोन शब्दांनी. मागून तिने माझ्या कमरेभोवतीचे हात घट्ट केले. घाबरली होती ती. मला ते जाणवलं, आणि मी गाडी चालवत राहिले.

त्यानंतर सोपं होत गेलं, हे जास्त वाईट आहे. शनिवारी नवऱ्याला सांगितलं, डॉक्टर जपायला म्हणालेत. शाळेत चिठ्ठी दिली. खेळाच्या बाई हातकणंगल्याहून यायच्या, तरुण होत्या, जीव ओतणाऱ्या. मधल्या सुट्टीत त्यांनी गार्गीला चेंडू मारताना पाहिलेलं. मला शाळेच्या दारात गाठून म्हणाल्या, "ताई, पोरीच्या पायाला चेंडू चिकटतोय बघा. सोडा की तिला ग्राउंडवर. दम लागला तर बसवते की मी, मी हाय न्हवं?" मी गार्गीच्या समोरच म्हटलं, तिला धूळ चालत नाही. बाईंनी गार्गीकडे पाहिलं. आणि माझी गार्गी, नऊ वर्षांची, माझी बाजू घेत म्हणाली, "व्हय बाई, माझा दबलाय."

दरवर्षी मार्चमध्ये मी साहेबांना ईमेल करायचे. मुलीची तब्येत अजून नाजूक आहे, सवलत चालू ठेवावी ही विनंती. दरवर्षी एका ओळीचं उत्तर यायचं — काळजी घ्या. त्या माणसाने एकदाही कागद मागितला नाही. मागितला असता तर? तर मी कुठून तरी आणला असता, असं मला वाटतं. स्वतःबद्दल आता मला एवढी तरी माहिती झाली आहे.

आणि घरी मी काय करत होते? काम करत होते, चोख करत होते. त्याखेरीज पडदे ओढलेल्या खोलीत तोंडाची मशागत करत होते. सकाळी सीरम, दर तीन तासांनी सनस्क्रीन, संध्याकाळी मुलतानी मातीचा लेप. मीटिंगला कॅमेरा बंद, नेट स्लो आहे म्हणून. शाळेचं मैदान आमच्या घरामागेच. पाच वाजले की शिट्टी ऐकू यायची, पोरींचा आरडाओरडा. त्याच वेळी गार्गी स्टुलावर बसून माझ्या तोंडाला लेप लावायची. तिला दुसरं करायला काय होतं? ब्रश फार हलक्या हाताने फिरवायची ती. "आई, हलू नको, भेगा पडतील." शिट्टी वाजली की तिचा हात क्षणभर थांबायचा. माझे डोळे मिटलेले असायचे. लेप वाळेपर्यंत बोलायचं नसतं, हे मीच तिला शिकवलं होतं.

वांग फिकं झालं. अगदी गेलं नाही, पण लक्षात येणार नाही इतपत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका म्हणायच्या, तुकतुकीत दिसतेस गं, घर मानवलं तुला. आणि लगेच दुसरी म्हणायची, पोरीसाठी केवढं केलं हिने, चांगली बढती सोडून घरी बसली. मी वाण घ्यायचे आणि हसायचे. गार्गी शेजारी बसून हे ऐकायची. एका वर्षी तिने शाळेच्या निबंधात लिहिलं, माझ्या आईने माझ्या दम्यासाठी तिचं करिअर सोडलं. बाईंनी वहीत लाल शाईने 'छान' लिहिलं होतं. ती वही माझ्या कपाटात आहे. फेकवत नाही आणि उघडवतही नाही.

पुढे साहेबांच्या मुलाने कारभार हातात घेतला, आणि ऑफिसातल्या सगळ्यांनाच घरून काम करायची मुभा मिळाली. कारण विचारत नाहीत, काम झाल्याशी मतलब. म्हणजे माझ्या खोट्याची गरज संपून चार वर्षं झाली. मग तेव्हा का नाही सांगितलं? तेव्हा गार्गी बारा वर्षांची होती, अजून धावली असती. चार वर्षं मी स्वतःला विचारतेय, आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर येतं. तोवर मला तिच्या डोळ्यांतली ती आई आवडायला लागली होती. नोकरीवरची सवलत सोडता आली असती. ही आई मला सोडवली नाही.

ती आता अकरावीत आहे. कॉलेजचा फॉर्म भरताना 'काही आजार असल्यास' या रकान्यात तिने स्वतःच्या अक्षरात 'दमा' लिहिलं. मी शेजारी बसून आधार कार्डाच्या झेरॉक्स लावत होते. तिच्या सॅकमध्ये पंप असतो. तो जुना झाला की मीच नवा आणून ठेवते. तिने तो ओढल्याचं मला आठवत नाही, पण त्याच्याशिवाय ती कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नाही.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही पन्हाळ्याला गेलो. तटाच्या कडेने एक साधा चढ आहे, म्हाताऱ्या बायका गप्पा मारत चढतात. नवरा पुढे निघून गेला होता. अर्ध्यावर गार्गी थांबली, एका दगडावर टेकली आणि सॅकमधून पंप काढून मुठीत धरला. चेहरा उतरलेला. छातीवर हात. धाप होती थोडी, कधीच न पळालेल्या कुणालाही लागेल तेवढी. मला माहीत होतं तिला काही झालेलं नाही. त्या अख्ख्या डोंगरावर हे माहीत असलेलं माणूस मी एकटी होते.

ती म्हणाली, "मला नाही झेपत गं."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. ऊन डोक्यावर होतं, आणि माझा स्कार्फ गाडीत राहिला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घालून, जशी मी तिच्याकडे इतकी वर्षं पाहत आलेय तशी. म्हणाली, "आई, तू हो पुढे. तुझ्या तोंडाला ऊन लागतंय. मी येते सावकाश."

आणि मी गेले. वर झाडाखाली सावली होती, तिथे जाऊन उभी राहिले.